शून्य रुपयांची घासाघीस

घरच्या संगणकावर आवाज रेकॉर्ड करणे, तो कापणे-जोडणे, त्याखाली पेटी-तबला घालणे आणि गाणाऱ्याच्या चुका झाकणे, ही सगळी कामे करणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. रायपूरच्या गोल बाजारात हे वाक्य उच्चारले की समोरचा विचारतो, "कितीला?" फुकट म्हटल्यावर त्याचा दुसरा प्रश्न असतो, "मग खोट काय आहे त्यात?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. गोल बाजार म्हणजे रायपूरच्या जुन्या वस्तीतला, मालवीय रोडला लागून असलेला बाजार. मसाले, पूजेचे साहित्य, भांडीकुंडी आणि लग्नाचे सामान घ्यायला सारे शहर इथे येते. इथल्या प्रत्येक वस्तूला दोन किमती असतात, एक सांगितलेली आणि एक दिलेली. दुकानदार सहाशे सांगतो, गिऱ्हाईक तीनशे म्हणते, पाठ फिरवते आणि चार पावलांवर मागून हाक येते. शून्य रुपयांच्या वस्तूशी हा व्यवहार करता येत नाही. शून्याचे निम्मे शून्यच भरते, आणि पाठ फिरवली तर हाक मारायला मागे कोणी नसते. घासाघीस झाली नाही म्हणजे वस्तूची पारख झाली नाही, असा तिथला हिशेब आहे.

या बाजाराच्या आसपास, तात्यापाऱ्यात आणि जुन्या मोहल्ल्यांत, मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, त्यामागून कारकून आले, भटजी आले, पुढे शाळामास्तर आणि वकीलही आले. या घरांत स्वयंपाकघरात मराठी, जिन्याखाली हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी चालते. लाईट जात नाही, 'लाईन' जाते, आणि संगणकापुढे बसलेल्या पुतण्याला "काय करून राहिला?" असे विचारले जाते. पुतण्या बहुतेक वेळा मंगलाष्टके करून राहिलेला असतो.

मराठी घरात संगणक आणि संगीत यांची गाठ सहसा लग्नामुळे पडते. एखादी काकू किंवा आत्या मंगलाष्टके रचते आणि ती चालीवर म्हणायची तिचीच इच्छा असते. पण ऐनवेळी घसा बसतो, माइक शिट्टी मारतो, म्हणून ती आधीच रेकॉर्ड करून ठेवावी असे ठरते. मंगलाष्टकांचे वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. चार ओळींचे एक कडवे धरले तर आठ कडव्यांची ६०८ अक्षरे होतात. नावात आठ असले तरी कडवी नातेवाइकांच्या प्रमाणात वाढतात, कारण ज्याचे नाव गुंफले गेले नाही तो जेवायला उशिरा येतो.

पूर्वी रायपुरात आपला आवाज यंत्रातून ऐकण्याचा मान १९६३ साली सुरू झालेल्या आकाशवाणी केंद्रात ज्यांची वर्णी लागे त्यांना मिळत असे. मग कॅसेटचे टू-इन-वन आले. त्यानंतर विंडोजसोबत आपोआप येणारा साउंड रेकॉर्डर आला. जुन्या विंडोजमध्ये त्याची मर्यादा ६० सेकंदांची होती. संथ लयीत गाणाऱ्या आत्याचे एक कडवे तेवढ्यात जेमतेम मावे आणि 'सावधान' मर्यादेपलीकडे पडे. तांबडे बटण पुन्हा दाबले की आणखी ६० सेकंद मिळत. ही युक्ती ज्याला ठाऊक असे तो त्या काळी घरातला साउंड इंजिनिअर समजला जाई.

यापुढची पायरी चोरीची होती. नव्या शतकाच्या सुरुवातीला ठिकठिकाणी महागड्या सॉफ्टवेअरांच्या नकली सीडी थोडक्या पैशांत मिळत, आणि त्यांवर भावही करता येई. घरात येताना त्या व्हायरस घेऊन येत. त्याच सुमारास संगणक-मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीत कायदेशीर आणि मोफत सॉफ्टवेअर असत. ती सीडी बहुतेक घरांत कावळे-पारवे हाकलण्यासाठी गच्चीवर दोरीला टांगली जाई. चोरीच्या मालाला किंमत होती म्हणून त्याला मान होता.

इथे 'फुकट' आणि 'मुक्त' यांतला भेद सांगणे भाग आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्यांच्या इंग्रजीत दोन्ही अर्थांना 'फ्री' हा एकच शब्द असल्याने ते सतत खुलासा करत आले आहेत. मराठीत शब्द दोन आहेत, त्यामुळे खुलाशाची गरज नाही, पण 'फुकट ते पौष्टिक' ही म्हण एकाच शब्दाची आहे. मुक्त सॉफ्टवेअरची कल्पना गोल बाजारातल्या मसाल्याच्या दुकानात चटकन समजते. सावजी मसाल्याची कृती कोणी कोणाला सांगत नाही, बापही लेकाला उशिरा सांगतो. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे पुडीवरच पूर्ण कृती छापलेला मसाला. हवे तर त्यात मिरी वाढवा, नाव बदला, खुशाल पैसे घेऊन विका, मात्र आपल्या पुडीवर आपली बदललेली कृतीही छापा. ग्नूच्या जीपीएल परवान्याची ही मुख्य अट. ऐकून दुकानदार पुन्हा विचारतो, "मग हे लोक खातात काय?" या प्रश्नाचे प्रत्येक प्रकल्पाचे उत्तर वेगळे आहे, आणि काही प्रकल्पांपाशी ते नाही.

या जातीतले सर्वांत पसरलेले साधन ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते १९९९ मध्ये लिहायला घेतले आणि २००० मध्ये ते बाहेर आले. उघडल्यावर ते निळ्या लाटा दाखवते. संगणक आवाजाला सेकंदात ४४,१०० वेळा मोजतो, आणि त्या मोजमापांची रांग म्हणजे ती लाट. दोन कानांसाठी, सीडीच्या दर्जाने, मिनिटाला सुमारे १० एमबी जागा जाते. लाट दिसते हीच या साधनाची मोठी देणगी आणि हाच त्याचा मोठा उपद्रव. आत्याने श्वास कुठे घेतला, 'श' किती लांबवला, बाराव्या अक्षरावर न थांबता तेराव्यावर कशी घसरली, हे आजवर फक्त ऐकू येत होते. आता ते घरातल्या सगळ्यांना दिसते, आणि ज्यांना गाण्यातले काही कळत नाही ते पडद्यावर बोट ठेवून दोष दाखवतात.

ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्यांनी अनेक घरांत एकच दुःख वाटले. प्रकल्प साठवला की एक छोटी फाइल तयार होई आणि शेजारी एक फोल्डर. आवाज सगळा त्या फोल्डरात, शेकडो तुकड्यांत. छोट्या फाइलीत फक्त कोणता तुकडा कुठे जोडायचा याची यादी. पुतण्या ती छोटी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन नागपूरला निघे. तिथे उघडल्यावर रिकामी पट्टी दिसे. यादी मांडवात पोचली होती, रुखवत रायपुरातच राहिले होते. २०२१ च्या मार्चमध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने सगळे एकाच फाइलीत बांधले आणि हा प्रकार थांबला. एका बाबतीत मात्र जुन्या आवृत्त्याही इमानी होत्या. रेकॉर्डिंगच्या मध्येच लाईन गेली तर पुढच्या वेळी उघडल्याबरोबर ऑडॅसिटी विचारते की अर्धवट राहिलेले परत आणू का, आणि बहुतेक वेळा खरोखर आणते. इन्व्हर्टर विकणाऱ्याला ही सोय आवडत नाही.

त्याच वर्षी ऑडॅसिटी म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेले. वापराची माहिती गोळा करण्याचा कंपनीचा प्रस्ताव येताच जगभरच्या वापरकर्त्यांनी आरडाओरडा केला आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. कृती पुडीवर छापलेलीच असल्याने काहींनी लगेच वेगळ्या नावाने दुकाने थाटली. गोल बाजारच्या परिसरात या उलथापालथीचा पत्ता कोणाला लागला नाही. तिथे अजून २.३ चालत होते आणि चांगले चालत होते.

सॉफ्टवेअर मिळाले की पुढची गरज शांततेची, आणि ती मात्र कोणी मोफत देत नाही. दिवसा बाजार असतो. रात्री शटर पडायला लागतात, आणि एकेक शटर स्वतंत्र रेकॉर्डिंगच्या लायकीचे वाजते. लग्नसराईत धुमाल निघते, म्हणजे गाडीवर चढवलेले कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक पॅड, ताशे आणि भोंगे. नागपूर-दुर्ग-रायपूर पट्ट्याची ही खास पैदास. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. व्यापारी भागात रात्रीची मर्यादा ५५ डेसिबल, निवासी भागात ४५. खाली दुकान आणि वर घर असेल तर कोणता आकडा लागू, हा वाद घरात सुटत नाही. म्हणून रेकॉर्डिंगची वेळ रात्री साडेअकरा ठरते. खिडक्या लावाव्या लागतात. पंखा बंद करावा लागतो, कारण माइकला तो हेलिकॉप्टरसारखा ऐकू येतो. महिना मे, शहर रायपूर, पारा दिवसभर चाळिशीच्या वर राहिलेला. पहिले कडवे भक्तिभावाने होते, चौथ्यापर्यंत आत्या लय वाढवते आणि सहाव्याला सर्वांच्या मनात एकच आशीर्वाद असतो, की लवकर आटपो.

सगळे बंद केल्यावरही रेकॉर्डिंगमध्ये एक बारीक 'घूं' राहतो. संगणकाची अर्थिंग धड नसली की घरातली वीजच गाऊ लागते. भारतातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. पेटीच्या हिशेबात हा सूर मंद्राच्याही खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जवळ येतो, पण अर्ध्या सुराच्या साधारण तृतीयांशाने चढा. म्हणजे विजेचा तानपुरा मोफत आहे, फक्त मिळवलेला नाही. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची. ५० ला षड्ज मानले तर ६० चे प्रमाण ६:५, म्हणजे तंतोतंत शुद्ध प्रमाणातला कोमल गंधार. रायपूरची आत्या आणि न्यू जर्सीचा भाचा यांची रेकॉर्डिंगे एकत्र केली की आवाज जुळोत न जुळोत, दोन्ही घरांच्या विजा एकमेकींशी सुरात असतात.

हा घूं काढायला ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन आहे. आधी नुसत्या गोंगाटाचा नमुना निवडून दाखवायचा, मग उरलेल्या रेकॉर्डिंगमधून तसला गोंगाट वजा करायला सांगायचे. गोल बाजारात नमुना मिळवणे अवघड नाही. अडचण अशी की हे तंत्र एकसारख्या गोंगाटावर चालते. पंखा, विजेचा घूं, कूलर यांना ते ओळखते. कुत्रे, हॉर्न आणि जिन्यातून आलेले "झाले का?" हे त्याच्या दृष्टीने संगीतच असते. पुतण्या चिडून तीच प्रक्रिया चार वेळा चालवतो. मग गोंगाट जातो आणि त्याच्याबरोबर आत्याच्या आवाजाचे मांसही जाते. उरलेला आवाज विहिरीतून, पण स्वच्छ येतो.

दुसरा आवाज वर चढवताना वेगळाच पेच पडतो. हेडफोनमध्ये पहिले गाणे ऐकत काकू दुसरे गाते. संगणक आवाज आत घेतो, थोडा साठवतो, मग लिहितो. यात जो उशीर लागतो त्याला लेटन्सी म्हणतात. ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्यांनी तो १३० मिलिसेकंद गृहीत धरलेला असे आणि यंत्रानुसार तो कमी-जास्त होई. मिनिटाला १२० मात्रांच्या भजनी ठेक्यात एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे हिशेब चुकला तर काकू पाव मात्रा मागे पडणार. "ती नेहमीच मागे असते," असे आत्या म्हणते. दोष ड्रायव्हरचा होता हे पुतण्याला दोन दिवसांनी कळते. गृहीत धरलेला तो आकडा आपल्या यंत्राप्रमाणे बदलला की हिशेब जुळतो. नणंद-भावजयीत त्या दोन दिवसांत जे बोलणे झाले ते कमी करणारा ड्रायव्हर अजून निघालेला नाही.

आवाज झाला, आता साथ. संगणकावरच वाद्ये वाजवून घेणारे मोफत सॉफ्टवेअर म्हणजे एलएमएमएस, २००४ पासूनचे. नावातला पहिला एल लिनक्सचा, पण ते विंडोजवरही चालते. उघडले की ते मिनिटाला १४० मात्रांच्या लयीवर आणि चार-चारच्या गटात तयार उभे असते, जणू सगळ्या जगाला नाचायचेच आहे. मंगलाष्टकांना ठेका नसतो, वृत्त असते. पुतण्या तरीही एकोणीस अक्षरे सोळा खणांत बसवू पाहतो. तीन उरतात. ती तीन अक्षरे म्हणजे नवऱ्या मुलाचे आडनाव निघते.

एलएमएमएसमध्ये सूर मांडायला पियानो रोल असतो. डावीकडे उभ्या पट्ट्या, उजवीकडे वेळ, आणि सुराच्या लांबीइतका आडवा ठोकळा. रायपूरहून फार दूर नसलेल्या खैरागढला १९५६ पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, आणि ज्याची मावशी तिथे शिकली त्याच्या घरात भातखंडे पद्धत जागती असते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. मावशीला चिठ्ठीभर कागदावर मावणारी चाल पियानो रोलमध्ये तीन पडदे खाते. शिवाय मावशी म्हणते काळी एक, आणि सॉफ्टवेअर म्हणते सी शार्प. दोन्ही एकच पट्टी आहे हे समजेपर्यंत संध्याकाळ होते, आणि मावशीचा आवाज मुळात काळी पाचचा असल्याचे निष्पन्न होते.

मींड हे आणखी मोठे दुखणे. सप्तकाचे बारा समान भाग करून प्रत्येकाला एकेक खण दिला की स्वर खणात राहतो, घसरत नाही. हे भांडण पेटीच्या वेळीही झालेच होते. असल्याच कारणांवरून १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले आणि ती बंदी काही दशके टिकली. आज संगणकात बसलेल्या पेटीला कोणी बंदी घालत नाही. ती नीट वाजतच नाही, त्यामुळे वेळ येत नाही.

बेसुरेपणावरचा इलाज ऑटो-ट्यून. तो १९९७ मध्ये अँडी हिल्डेब्रँड यांनी काढला. त्याआधी ते भूकंपलहरींवरून जमिनीखालचे तेल शोधण्याच्या गणितात होते. मूळ साधन विकतचे, पण जीस्नॅपसारखी मोफत भावंडे आहेत. त्याला पट्टी सांगायची आणि तो प्रत्येक सूर जवळच्या खणात ढकलतो. आत्याच्या गमकांना तो चुका समजतो आणि तिच्या चुका, जवळच्या खणात बसत असल्यामुळे, तशाच ठेवतो. परिणाम ऐकून आजोबा एवढेच म्हणतात की हा दूरध्वनीवरचा आवाज दिसतो.

बाकीच्या साधनांना थोडक्यात आटपता येईल. आर्डर हे लिनक्समधले भारदस्त साधन पॉल डेव्हिस यांचे. हे गृहस्थ ॲमेझॉनचे अगदी पहिल्या प्रोग्रामरांपैकी एक, नंतर ते सोडून लोकांच्या रेकॉर्डिंगची सोय करत बसले. हायड्रोजन ठेका वाजवते, म्यूझस्कोर स्टाफ नोटेशन छापते. दोन्ही उत्तम, पण लग्नघरात त्यांची पाळी येत नाही. मोफत नसलेल्यांत मात्र एकाचे नाव घ्यावे लागेल. विनॅम्प करणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांचे रीपर वापरून पाहायला ६० दिवस मिळतात. साठ दिवस उलटले तरी ते बंद पडत नाही. उघडताना एक खिडकी दाखवते, किती दिवस झाले ते मोजून सांगते, काही सेकंद थांबवते आणि मग आत सोडते. घरगुती परवाना ६० डॉलरचा. दुकानात 'आज नगद, कल उधार' ही पाटी वाचून मोठा झालेल्या माणसाला या धोरणाचे अपार कौतुक वाटते. इथे उधारी आजच मिळते आणि वसुलीला येणारा रोज दारात उभा राहून फक्त तारीख सांगून जातो. घासाघीस करता येईल असे या सगळ्यांत हे एकच सॉफ्टवेअर, आणि इथे दुकानदार स्वतःशीच भाव करतो.

शेवटचे काम एमपी३ करण्याचे. हे रूपांतर करणाऱ्या मोफत साधनाचे नाव लेम. आपण एमपी३चा एन्कोडर नाही, असे ते आपल्या इंग्रजी नावातच सांगते आणि काम तेच करते. पेटंटच्या भानगडीमुळे ऑडॅसिटी त्याला घरात ठेवत नसे, वापरणाऱ्याने ते वेगळे शोधून आणावे लागे. २०१७ मध्ये एमपी३चे पेटंट संपले आणि पुढे लेम आत राहायला आले. त्याआधी ते जिथे मिळेल तिथून आणताना घरात जे जे शिरले त्यासाठी संगणक दोनदा फॉरमॅट झालेला असतो. तयार फाइल नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर जाते. कानाला हेडफोन लावून, डेसिबल मोजून साफ केलेली मंगलाष्टके नागपूरची मावशी मिक्सर चालू असताना फोनच्या भोंग्यावर ऐकते आणि आवाज मोकळा असल्याचे कळवते. तिचा तो निरोप व्हॉइस नोट म्हणून येतो. त्या नोटेत ओपस नावाचे सांकेतिक रूप असते, तेही मोफतच आणि २०१२ मध्ये प्रमाण ठरलेले.

लग्नाच्या दिवशी कार्यालयातला साउंडवाला पेनड्राइव्ह लावतो. पुतण्याने फाइलीला व्यावसायिक झाक यावी म्हणून शेवटच्या दहा सेकंदांवर फेड-आउट घातलेला असतो. सात कडव्यांच्या सात सावधानांना अक्षता पडतात. बाहेर वाजंत्री शेवटच्या सावधानाची वाट पाहत उभे. आठव्याला आत्याचा आवाज मऊ होत होत विरतो आणि सावधान येतच नाही. पाहुणे मुठी उगारून उभे, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखू लागतात, वाजंत्रीवाला आत डोकावतो. मग पहिल्या रांगेतली आत्या, घसा बसेल म्हणून जिचे रेकॉर्डिंग केले होते तीच, खुर्चीवरून उठते आणि कार्यालयभर ऐकू जाईल असे "सावधान" म्हणते.